दाढीच्या मशीनची वायर

"सुपरवायझर व्हायचंय म्हणे! घे, बोल आता कुणाशी बोलायचंय ते!" म्हणत नवऱ्याने तिचा चार्जर कपाटात फेकला, कुलूप लावलं आणि किल्ली पायजम्याच्या खिशात टाकली.

त्या घरात भांडण असंच संपायचं. बायकोवर हात टाकत नाही म्हणून तो गल्लीत देवमाणूस! हात कशाला टाकेल? तिच्या जुन्या फोनची पिन जगावेगळी. चार्जर उचलला की बाईची वाचा बंद. मागच्या वेळी शिवणाच्या कारखान्यातून याच जागेसाठी फोन आला, तेव्हा हिचा फोन मेलेला होता. जागा दुसरीला गेली. आता ती पुन्हा रिकामी झाली होती आणि मॅडम आज सकाळीच फोन करणार होत्या.

पण हा फोन नवा होता, बहिणीने दिलेला. देताना ती म्हणाली होती, "ताई, आता सगळ्यांना एकच पिन. कुणाचीही वायर लाव." नवरा तेव्हा समोरच बसला होता. पण बायकांचं बोलणं ऐकायची त्याला सवयच नव्हती.

फोनमध्ये जेमतेम धुगधुगी उरली होती. तिने घरभर नजर फिरवली. आरशाखाली त्याच्या दाढीच्या मशीनची वायर लोंबत होती. तिने ती लावून पाहिली. बसली!

एकच पिन म्हणून नाचणारे एक गोष्ट सांगत नाहीत: तोंड सारखं असलं तरी जोर सारखा नसतो. ती मरतुकडी वायर मुंगीच्या पावलाने फोन भरत होती. काढली की फोन मान टाकणार. म्हणून ती भिंतीला खेटून उभीच राहिली.

फोन वाजला.

"हो मॅडम, तयार आहे. घरी? नाही, घरी काही विचारायचं नाही."

तेवढ्यात बाथरूममधून आरोळी आली, "अगं ए! मशीन बंद पडलं! वायर कुठाय?"

तो बाहेर आला. एक गाल चकचकीत, दुसऱ्यावर रान. त्याने वायर पाहिली, फोन पाहिला.

"ही... याला कशी बसली?"

"सगळ्यांना बसते आता." तिने फोनवर हात ठेवला. "कपाटात एक आहे बघा. तुमच्या मशीनला चालेल."

आणि ती पुन्हा बोलू लागली, "हं मॅडम, सोमवारपासून ना?"

अर्ध्या दाढीने तो किल्लीसाठी खिसे चाचपत राहिला.