सत्तेचाळीस नंबरचा गडी

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या नॉयफेल्ड गावात कॉलेजचं फुटबॉलचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचं, मैदान धान्याच्या उंच कोठारांपलीकडे आहे. सामना दुपारचा असला तरी शनिवारी सकाळपासून माणसं तिथल्या गवतावर पिकअप गाड्या उलट्या लावून बसत. मागची फळी पाडायची, शेगडी पेटवायची, कोबी-खिमा भरलेले बीरॉक पाव फडक्यात गुंडाळून गरम ठेवायचे आणि वाद घालायचा. वादाचा विषय वर्षानुवर्षं एकच होता. आजवर आपल्याविरुद्ध खेळून गेलेला सगळ्यात जबरदस्त गडी कोण?

आपल्या गड्यांबद्दल असा वाद घालायची सोयच नव्हती. गाव एवढंसं. प्रत्येक गडी कुणाचा तरी भाचा, नाहीतर मेव्हणा. कुणाला उणं बोललं की रविवारी चर्चमध्ये तोंड लपवायची वेळ. विरोधकांना मात्र तोंडभर शिव्या देता येत आणि तोंडभर मानही देता येई.

"मिल्टन सिटीचा तो रेडा," डेल्बर्ट गोअर्टझन म्हणाला. "तो समोर उभा राहिला की आपल्या पोरांना पलीकडचं आकाश दिसायचं नाही."

"नुसता उभाच राहायचा ना?" मार्लीन म्हणाली. "आमच्या फ्रीजसारखा. लॉनी मेह्यू म्हणा. ऑर्लिन कॉलेजचा."

तिने हे नाव घेतलं की सगळे हातातल्या पावाकडे बघत. मार्लीन क्रेहबील गावातल्या बायकांचे केस कापायची, तिचं पार्लर पोस्टासमोर होतं. माहेरची ती अनरू. वेंडेल अनरू तिचा थोरला भाऊ, आणि लॉनी मेह्यूचं नाव निघालं की वेंडेलचं नाव न निघता राहत नसे.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. विजेतेपदाचा सामना, शेवटचा डाव, नॉयफेल्ड चार गुणांनी पुढे. वेंडेल बचावाच्या मधोमध खेळायचा, पाठीवर सत्तेचाळीस नंबर. ऑर्लिनचा लॉनी मेह्यू चेंडू काखेत मारून वाऱ्यासारखा पळायचा, पण त्या दिवशी वेंडेलने त्याला सारखा जमिनीवर लोळवला होता. शेवटच्या डावात मेह्यू कडेने सुटला. वेंडेल तिरका धावला, धडकला, मेह्यूच्या अंगातला शर्ट त्याच्या मुठीत आला आणि फाटला. मेह्यू चेंडूसकट शेवटच्या रेषेपलीकडे पडला, ऑर्लिनला सहा गुण मिळाले. सामना गेला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. वेंडेल पालथा पडलेला, मुठीत चिंधी. गावाने त्याला वाईट बोलून दाखवलं नाही, तेवढी सभ्यता होती. पण गाव थट्टा करायचं. त्याच्या गाडीच्या आरशाला कुणी चिंधी बांधायचं. बियाणं घ्यायला गेला की दुकानदार म्हणायचा, "पोतं नीट धर हं, वेंडेल, सुटेल." वेंडेल हसून घ्यायचा. लग्नाला यायचा, मयताला यायचा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. मैदानाकडे मात्र तो त्यानंतर कधी फिरकला नाही. म्हातारपण जवळ आलं तरी नाही.

यंदा मैदानाला शंभर वर्षं होत होती. रोली श्राग हा ट्रॅक्टर विकणारा माणूस समारंभाचा प्रमुख होता. मध्यंतरात जुन्या गड्यांना मैदानात बोलावून टाळ्या वाजवायच्या, असं त्याने ठरवलं होतं.

"त्या दिवशी सामना ऑर्लिनशीच आहे," मार्लीन त्याला म्हणाली. "लॉनी मेह्यूला बोलव."

रोलीच्या हातातला बीरॉक तसाच राहिला. "आपल्याला हरवणाऱ्याला बोलवू? आणि टाळ्या वाजवू?"

"सगळं आयुष्य तुम्ही त्याच्याबद्दलच बोलताय. समोर बसून बोला की एकदा."

"कमिटीत कुणी हो म्हणणार नाही."

"कमिटीतल्या पाच जणांच्या बायका माझ्या खुर्चीत बसतात, रोली. कात्री माझ्या हातात असते."

सगळे खो खो हसले. मार्लीन हसली नाही. तिला मेह्यूचं कौतुक होतंच, पण तिच्या मनात वेगळंच होतं. भावाने इतकी वर्षं त्या एका माणसाला पाठ दाखवून काढली होती. तो माणूस इथे आणायचा आणि वेंडेलला त्याच्यासमोर उभं करायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. आठवड्याभरात कमिटीने होकार दिला. बायकांचं काय झालं ते रोलीने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

ऑर्लिन कॉलेजच्या ऑफिसमध्ये चार वेळा फोन केल्यावर मेह्यूचा नंबर मिळाला. तो टोपीका शहरात राहत होता, शाळेचा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेला.

"नॉयफेल्ड?" तो म्हणाला. आवाज जाड आणि सावकाश. "मॅडम, तिथे मला कोण ओळखतंय?"

"दर ऑक्टोबरात आम्ही तुमच्या नावाने भांडतो."

तो हसला. मग म्हणाला, "मला तुमच्या गावातलं एकच नाव आठवतं. सत्तेचाळीस नंबर. अनरू."

मार्लीन लगेच म्हणाली, "तो माझा भाऊ."

मेह्यूने विचारलं, "आहे ना तो?"

"आहे. गव्हाची शेती करतो."

"तो येणार असेल तर मी येतो," मेह्यू म्हणाला. "नाहीतर टाळ्या ऐकायला एवढा लांब कशाला येऊ?"

त्याच संध्याकाळी ती वेंडेलच्या शेतावर गेली. पावसाने पेरणी लांबली होती आणि तो पेरणीयंत्राखाली पाठीवर पडून नळी बसवत होता. नुसते बूट दिसत होते. तिने बुटांनाच सगळं सांगितलं.

"नाही," यंत्राखालून आवाज आला.

"ऐकून तरी घे."

"ऐकलं. पाना दे तो. मोठा."

तिने पाना दिला. "तो फक्त तुझ्यासाठी येतोय, वेंडेल."

"मग नको म्हणून सांग. त्याचं पेट्रोल वाचेल." तो बाहेर सरकला आणि उठून बसला. कपाळावर ग्रीस. "मार्लीन, लोकांना काय पाहायचंय ठाऊक आहे का तुला? तो आणि मी शेजारी उभे. फोटो काढणार. कुणीतरी माझ्या हातात चिंधी देणार आणि सगळे हसणार. मीही हसणार. मला आता हसायचा कंटाळा आलाय."

तिने पाना पुसून खोक्यात ठेवला आणि ती निघाली. पण घरी जाताना तिने गाडी मधेच कडेला घेतली आणि तिथूनच मेह्यूला फोन लावला. खोटं बोलून बोलवायचं तिच्या मनात येऊन गेलं होतं, ते तिने झटकलं.

"तो येत नाही म्हणतोय," ती म्हणाली. "त्याने मैदान सोडलंय, तेव्हापासूनच. लोक त्या फाटक्या शर्टावरून थट्टा करतात. तरी तुम्ही या, असं मी म्हणतेय. का म्हणतेय ते मलाही नीट सांगता येणार नाही."

"थट्टा करतात?" मेह्यू म्हणाला. "कशाची थट्टा?"

"शर्ट हातात राहिला आणि तुम्ही सुटलात याची."

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "मैदानात येत नाही ना? ठीक आहे. शेत कुठल्या रस्त्याला आहे?"

समारंभाच्या दिवशी तो वेळेवर आला. उंच, पांढऱ्या दाढीचा, एका खांद्यातून किंचित वाकलेला काळा माणूस. गाड्यांपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. डेल्बर्टने त्याचा हात धरून सोडलाच नाही. "मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्यात," तो गहिवरून म्हणाला, "की तुम्ही मला घरच्यासारखे वाटता." मेह्यूने एक बीरॉक खाल्ला, दुसरा हातात घेतला आणि मार्लीनकडे पाहिलं. "चला."

"आता?" रोली ओरडला. "मध्यंतरात तुमचं नाव पुकारायचंय!"

"परत येऊ," मार्लीन म्हणाली. येऊ की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

वेंडेल पेरत होता. ट्रॅक्टर शेताच्या दूरच्या टोकाला होता, मागे धुळीचा पट्टा. दोघं बांधाशी उभे राहिले. ट्रॅक्टर वळला, हळूहळू जवळ आला आणि थांबला. वेंडेल खाली उतरला नाही. इंजिन सुरूच ठेवून त्याने काचेचं दार उघडलं.

"तू म्हातारा झालास," तो म्हणाला.

"तू नाही झालास वाटतं!" मेह्यू म्हणाला.

"माझं पेरायचं राहिलंय. उद्या पाऊस आहे."

"मग पेर ना. मी बसतो." आणि तो खांदा सांभाळत शिडीने वर चढायला लागला. वेंडेलला सरकून जागा द्यावीच लागली. दार बंद झालं आणि ट्रॅक्टर निघाला.

मार्लीन गाडीच्या बॉनेटवर बसून राहिली. रेडिओवर सामना लागला होता. ट्रॅक्टर जाई, वळे, येई. काचेतून दोन टोप्या दिसत, ऐकू काहीच येत नसे. एका फेरीला मेह्यूचे हात हलताना दिसले. पुढच्या फेरीला ट्रॅक्टर शेताच्या मधोमध थांबला आणि बराच वेळ थांबून राहिला. तिला वाटलं, जावं का? ती उतरली, चार पावलं गेली आणि परत फिरली. इतक्या खटपटीने माणूस इथवर आणला होता. आता आपण मधे पडायचं नाही, एवढं तिने स्वतःला बजावलं.

रेडिओवर मध्यंतर झालं. रोलीचा आवाज आला, "ऑर्लिनचे लॉनी मेह्यू!" टाळ्या वाजल्या. "ते... येतीलच एवढ्यात." टाळ्या विरल्या. मार्लीनला हसू आवरेना.

आत काय बोलणं झालं ते तिला नंतर मेह्यूनेच सांगितलं. त्याने वेंडेलला विचारलं होतं, "तू काय समजतोस, मी तुझ्या हातून सुटलो?"

"सुटलासच की. अख्ख्या गावाने पाहिलं."

"गाव लांब होतं. मी तिथे होतो. तू धडकलास तेव्हाच माझा खांदा निखळला आणि दोन बरगड्या मोडल्या. तिथून पुढे मी एक पाऊलसुद्धा पळालो नाही. तुझ्याच धडकेने भेलकांडलो आणि पडलो, ते नेमकं रेषेपलीकडे. तू जरा हळू धडकला असतास तर अलीकडे पडलो असतो."

तेव्हा ट्रॅक्टर थांबला होता.

"मी परत कधी तसा पळालो नाही," मेह्यू म्हणाला होता. "तुझ्यावर राग नाही. तो खेळच तसा. पण आम्ही जुने ऑर्लिनवाले जमलो की आमच्यातही वाद होतो, सगळ्यात जबरदस्त विरोधक कोण याचा. बाकीचे दहा नावं घेतात. मी शर्टाचं बटण काढून खांदा दाखवतो. मग वाद संपतो."

वेंडेलने स्टिअरिंगवर हात ठेवून विचारलं होतं, "थंडीत दुखतो?"

"दुखतो."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारायला आला असतास तर सांगितलं असतं. मीही आलो असतो तर सांगितलं असतं. दोघंही गाढव."

शेत पुरं पेरून झालं तेव्हाच दोघं खाली उतरले. वेंडेलचे डोळे लाल होते. धुळीने असतील. त्याने बहिणीकडे बघितलं नाही, डब्यातल्या पाण्याने तोंड धुतलं आणि विचारलं, "स्कोअर काय झालाय?"

"दहा गुणांनी मागे आहोत."

"ऑर्लिन कुठून पळवतंय चेंडू?"

"मधूनच."

"मधून?" वेंडेलचा आवाज चढला. "मधून कसा पळवू देतात?" आणि तो तिच्या गाडीत जाऊन बसला. मेह्यू मागे चढला आणि मार्लीनने कुणाला काही न विचारता गाडी वळवली.

फाटकाशी तो क्षणभर थांबला. मार्लीन त्याच्या मागे उभी राहिली, हवं तर ढकलायची तयारी ठेवून. तशी वेळ आली नाही. तो आत गेला, वर बाकांवर नाही, मैदानाच्या कडेच्या तारेपाशी. मळकी टोपी, ग्रीसची पँट, शेजारी मेह्यू. बाकांवरची कुजबूज हळूहळू थांबली. रोली स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आला.

"उभाच बरा आहे," वेंडेल म्हणाला.

"वेंडेल, आम्ही त्या चिंधीवरून..." रोली अडखळला.

"नंतर, रोली. दिसत नाहीये मला. बाजूला हो."

रोली बाजूला झाला. मैदानात नॉयफेल्डच्या पोरांनी पुन्हा तेच केलं. ऑर्लिनचा पळणारा गडी आला, नॉयफेल्डच्या मधल्या गड्याने त्याच्या खांद्याला मिठी मारली आणि त्याच्यासोबत फरफटत गेला.

"खाली!" वेंडेल गरजला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "कमरेखाली धर! खांदा काय धरतोस, नाचायला निघालायस का?"

पोराने दचकून मागे पाहिलं. पुढच्या डावाला तो वाकून गेला, आणि पळणारा गडी जागेवर आडवा झाला. बाकं दणाणली. मेह्यूने कपाळावर हात मारला. "मी कुणाला घेऊन आलो इथे!"

तरी सामना गेलाच. सात गुणांनी. माणसं शेगड्या विझवून गाड्या आवरायला लागली. मार्लीन भावाला शोधत होती. तो मैदानातून सरळ चालत प्रशिक्षकाकडे निघाला होता. प्रशिक्षक त्याच्या निम्म्या वयाचा, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातून आलेला. हा ग्रीस लागलेला म्हातारा कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"मी वेंडेल अनरू," तो त्याला म्हणाला. "तुमची पोरं फार वर धरतात. सराव किती वाजता असतो?"

"साडेतीनला. रोज. पण तुम्ही..."

"सोमवारी जमायचं नाही. वरचं रान पेरायचं राहिलंय. मंगळवारी येतो."