दुसरी स्प्रिंग

नवरा गेल्यापासून वहिनी रडली नव्हती. गल्लीत सगळे तिला वहिनीच म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा. आता तेच लोक तिच्या चेहऱ्याकडे आभाळाकडे बघावं तसे बघत. आज कोसळतंय की उद्या? पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हता. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. सगळे पाहुणे परतायच्या आतच ती कामावर हजर झाली. डबा न्यायची, अर्धा परत आणायची. अंथरुणावर पडली की झोप लागायची, सकाळी जाग यायची. सगळं जागच्या जागी होतं. फक्त दाढ काढताना भूल दिल्यावर ओठ आपला असून आपला वाटत नाही ना, तसं तिला आख्खं अंग वाटायचं.

ही उपमा तिला सुचली त्याला कारण होतं. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. आपल्या कामाच्या टेबलावरच तो गेला. कोणाची तरी खालची कवळी हातात होती, डोकं टेबलाला टेकलेलं. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला वाटलं, डुलकी लागली असेल.

त्याच्यामागे राहिलं काय, तर एक गाडी. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, कापडी छपराची जुनी स्पोर्ट्स कार. लग्नाच्याही आधी त्यानं ती भंगारातून उचलून आणली होती आणि जन्मभर तिच्याशी खेळत राहिला. रविवारी वहिनीला शेजारी बसवून तलावापर्यंत फेरी ठरलेली. ती केसांना रुमाल बांधून बसायची आणि वाटभर म्हणायची, "सावकाश हो, सावकाश." गाडी तिला चालवता येत होती, पण ही गाडी तिनं कधी मागितली नाही आणि त्यानं कधी दिली नाही.

आता लेक ती न्यायला येणार होती. फोनवर म्हणाली, "आई, तेवढं अॅक्सिलरेटरचं बघून घे ना. गेल्या खेपेला चालवली तर पोटरीला गोळा आला माझ्या. बाबांना विचारलं तर म्हणाले, जुनी आहे, चालायचंच."

वहिनीनं धाकट्या दिराला बोलावलं. त्याची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. अडकलेल्या लोकांना बाहेरून धीर देऊन देऊन त्याला सवयच लागली होती; नळ गळत असो की दार घासत असो, तो आधी मोठ्यानं म्हणायचा, "घाबरू नका, आलोच!" आताही शटर वर करून त्यानं गाडीला तेच सांगितलं. मग जीभ चावून वहिनीकडे बघितलं.

"म्हणा की," ती म्हणाली. "तिला बरं वाटेल."

त्यानं बॉनेट उघडलं. "सोपं आहे बघा, वहिनी. इकडे पेडल, तिकडे कार्बोरेटर, मधे ही वायर. बाहेरून नळी, आत तार. पाय दाबला की तार ओढली जाते, पाय काढला की स्प्रिंग तिला परत नेते. आता जड काय झालंय ते शोधायचं. तुम्ही बसा आत. मी म्हणेन तेव्हा दाबा."

वहिनी पहिल्यांदाच स्टिअरिंगमागच्या सीटवर बसली. सीट नवऱ्याच्या आकारानं दबली होती. काहीतरी वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. काही वाटलं नाही. पेडलवर पाय ठेवून तिनं दाबलं. ते जिन्याच्या पायरीसारखं घट्ट होतं. आणखी जोर लावला तेव्हा कुरकुरत खाली गेलं, आणि सोडल्यावर अडखळत वर आलं.

"झटका मारतंय," ती म्हणाली.

"मारणारच." दिरानं कार्बोरेटरकडचा छोटा स्क्रू सैल करून तार मोकळी केली आणि तिथली दांडी बोटानं फिरवून बघितली. दांडी लोण्यासारखी फिरली. "म्हणजे इथे दोष नाही. वायरच." त्यानं बॅटरीचा दिवा आत धरला. वायर इंजिनामागच्या पत्र्यातून बाहेर पडत होती तिथेच ती एकदम वळली होती, आणि पुढे धुराच्या पाइपाला जवळजवळ चिकटून गेली होती. उष्णतेनं नळी आतून वितळलेली, तार उसवलेली. एकेक धागा बाहेर येऊन नळीला ओरबाडत होता.

वहिनी वाकून बघत होती. दिवसभर काचांवरचे ओरखडे शोधणारी तिची नजर. "पण ही फक्त वाकल्यामुळे उसवली नाही, भाऊजी," ती म्हणाली. "हे बघा, पेडलकडच्या टोकालाही ताणली गेलीये. कोणीतरी सतत जास्तीच्या जोरानं ओढल्यासारखी."

दीर पेडलकडे आला. डोकं आत, पाय बाहेर, असा गाडीत आडवा झाला. दिवा इकडेतिकडे फिरला आणि एका जागी थांबला. त्यानं बोटानं काहीतरी चाचपलं.

"काय झालं?"

"इथे दुसरी स्प्रिंग आहे. पेडललाच लावलेली. कंपनीची नाही."

त्यानं ती आकड्यातून सोडवून तिच्या हातावर ठेवली. बोटाएवढी, जाड तारेची. दोन्ही टोकांना नाजूक, अगदी गोल वेढे घातलेले. ते वेढे वहिनीनं लगेच ओळखले. तिच्या स्वतःच्या तोंडात नवऱ्यानं करून दिलेला एक दात होता आणि त्याची तार शेजारच्या दाढेला अशीच मिठी मारून बसली होती.

"ह्यांनीच लावलीये," ती म्हणाली. "पेडल मुद्दाम जड केलं? कशाला?"

दीर गाडीतून बाहेर आला. फडक्यानं हात पुसू लागला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

"वहिनी, दादाला साखरेचा आजार होता ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी शेवटी त्याची पावलं बधिर झाली होती. मला म्हणाला होता, पेडलवर पाय आहे की नाही तेच कळत नाही. मी म्हटलं, मग गाडी बंद कर. हसला. म्हणाला, करतो काहीतरी. मला वाटलं, बंद करेल." त्यानं स्प्रिंगकडे बघितलं. "ब्रेक तसाही कडक असतो. हे पेडल हलकं होतं. ते जड केलं म्हणजे पोटरीला जोर लागणार, मांडीला लागणार. त्यावरून अंदाज, किती दाबलंय त्याचा."

"मला का नाही सांगितलं?"

"मी कसा सांगणार? त्यानं शपथ घातली होती, वहिनीला बोलू नकोस. ती गाडीला कुलूप लावेल."

"लावलंच असतं," वहिनी म्हणाली.

तिला आठवलं, एकदा त्याची एक चप्पल अंगणातच राहिली होती आणि हा तसाच रस्त्यापर्यंत गेला होता. ती हसून लोटपोट झाली होती. तोही हसला होता. मग त्यानंतरच्या रविवारीही फेरी झालीच. ती रुमाल बांधून बसली होती, वारा खात, सावकाश हो म्हणत. आणि शेजारचा माणूस पोटरीच्या अंदाजावर दोघांचा जीव नेत होता. याचा राग यायला हवा, हे तिला कळत होतं. राग कुठून यायचा ती जागाही कळत होती. तिथे हात घातला तर रिकामं.

"नवी वायर आणलीत ना?" तिनं विचारलं.

"आणलीये."

"मग चला. पोरगी येईल."

नवी वायर घालताना दिरानं ती पाइपापासून लांबून, मोठं वळण देऊन नेली आणि पट्टीनं बांधली. "लिफ्टच्या दोराचं असंच असतं," तो पुटपुटला. "काटकोनात वळवला की गेला." स्क्रू आवळण्याआधी त्यानं तारेला किंचित ढील ठेवली. मग तो बॉनेटपाशी, वहिनी पेडलवर.

"दाबा. पूर्ण. धरा तसंच. हं, दांडी शेवटपर्यंत आली. सोडा! एकदम सोडा!"

पेडल टप्कन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. काही अडखळणं नाही. नवऱ्याची ती स्प्रिंग शेजारच्या सीटवर पडली होती. दिरानं विचारलं, "हिचं काय करू?"

"टाकून द्या."

त्यानं ती भंगाराच्या डब्यात टाकली.

"एक चक्कर मारून बघायला हवी," तो म्हणाला. "मी येऊ?"

"नको. मी जाते."

इंजिन सुरू झालं. वहिनीनं मघाच्या जड पेडलच्या अंदाजानं पाय दाबला आणि गाडी अशी उसळली की दीर भिंतीला जाऊन चिकटला. "घाबरू नका!" तो ओरडला. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तलावाच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पेडल आता इतकं हलकं होतं की बुटातल्या बोटांनीही गाडी ऐकत होती. पेडलची बारीक थरथर तिच्या तळव्याला लागत होती. चढावर तिनं मोठ्यानं म्हटलं, "सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" आवाज वाऱ्यानं मागे नेला. तिनं पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात, मोलकरीण उशिरा आल्यावर लावावा तसा. "मी बसत होते ना शेजारी! सांगायला काय झालं होतं?" घसा खरखरला, इतकंच. तलावापाशी गाडी वळवून ती घरी आली.

रविवारी लेक आली. गाडी सुरू करून दोनदा पाय मारल्यावर तिचा चेहरा खुलला. "अगं, किती हलकं झालं! काय होतं एवढं?"

दिरानं वहिनीकडे बघितलं. वायर खराब होती म्हटलं असतं तर भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण वहिनीनं सगळं सांगितलं. पावलं, स्प्रिंग, काकाला घातलेली शपथ. लेक स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडू लागली. "मला पण बसवायचे ना ग. आणि मी म्हणत होते, बाबा, जोरात पळवा."

वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. पोरीची पाठ हुंदक्यांनी हलत होती, तिचा हात त्यासोबत वरखाली होत होता. आपणही रडावं असं तिच्या मनात आलं, पण ते मनातच राहिलं. लेकीचं रडून झाल्यावर तिनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुझी साखर तपासून घे. दर वर्षी. आणि काही निघालं तर मला सांगायचं. लपवलंस तर याद राख."

"हो ग."

"हो ग नाही. कबूल कर."

"कबूल."

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. दिरानं शटर खाली ओढलं. "जेवून जाता का, भाऊजी?" वहिनीनं विचारलं. "भात टाकते. मलाही भूक लागलीये."