गटातला नवा भिडू

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजचे अध्यक्ष व्हर्लिन हासे यांचा फुटबॉल संघ दरवर्षी आपल्या स्पर्धागटात तळाला असायचा. गटात नवं कॉलेज घ्यायचं ठरलं, तेव्हा हासेंनी अजिंक्य संघांना बाजूला सारून सतत हरणाऱ्या एल्मक्रॉफ्ट कॉलेजची बाजू लावून धरली.

"त्यांचं ग्रंथालय बघा! शेवटी आपण शिक्षणसंस्था आहोत," ते गटातल्या कॉलेजांच्या बैठकीत कळवळून म्हणाले.

सोपा प्रतिस्पर्धी सगळ्यांनाच हवा होता. ठराव एकमताने झाला.

स्वागताच्या जेवणाला एल्मक्रॉफ्टच्या अध्यक्षा मॅक्सिन ओडेगार्ड हासेंच्या शेजारी बसल्या. "दुसऱ्या गटाचंही बोलावणं होतं आम्हाला," त्या म्हणाल्या.

"मग आमचाच गट का निवडलात?"

"अहो, तुम्ही आहात ना इथे! एखादा तरी सामना जिंकायला नको का?"

दुसऱ्या दिवशी हासेंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच प्रशिक्षकाला बोलावून सराव कसा चाललाय, ते विचारलं.