अडलं तर येजो

मित्रांनो, मी एक जुना पितळी साचा आहे. शेवया पाडायचा. चकलीचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. एका घरी मला चकलीचा सोऱ्या समजून माझ्या तोंडात भाजणी कोंबली होती, तो अपमान मी अजून विसरलेलो नाही!

माझं रूप साधं आहे. वर तोंड, पोटात मळसूत्र, पुढे बारीक भोकांची जाळी आणि बाजूला दांडा. बाकाच्या कडेला मला आवळून बसवायचं, तोंडात घट्ट मळलेला गोळा घालायचा आणि दांडा फिरवायचा. जाळीतून शेवया सुटतात, त्या काठीवर झेलून वाळत घालायच्या. उचलायला मी चांगला जड आहे. मला पहिल्यांदा उचलणारी प्रत्येक बाई "माय वं!" म्हणाली आहे, आणि खरं सांगतो, ते ऐकून मला दर वेळी बरंच वाटलं आहे.

माझा जन्म नागपूरचा, लकडगंजातला. सन एकोणीसशे त्रेसष्ट. लाकडाच्या वखारींच्या मागे मारोतरावांची पितळ ओतायची भट्टी होती. पाण्याचा एक फुटका गुंड, दोन मोडक्या समया आणि एक तडा गेलेली घंटा वितळवून त्यांनी मला ओतलं. त्यांनी केलेला हा पहिलाच शेवयांचा साचा. जाळीची दोन भोकं जराशी मोठी झाली. मारोतराव मोठे हट्टी. "खोटी वस्तू मी विकत नसतो," म्हणाले, आणि मला फळीवर ठेवून दिलं.

तिथे एके दिवशी कुसुमताई आल्या. महाल भागात राहणाऱ्या, यजमान कचेरीत कारकून. त्यांना शेवया करून विकायच्या होत्या. घरातले हसत होते, शेजारचे हसत होते, आणि साचा कसा असतो हे त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. मारोतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी मला फळीवरून काढलं, पार उघडून सगळे भाग जमिनीवर मांडले आणि म्हणाले, "आता तुम्ही जोडा, ताई."

कुसुमताईंनी जोडलं. उलटं जोडलं. मारोतरावांनी पुन्हा उघडलं. तिसऱ्या खेपेला मी नीट बसलो तेव्हा ताईंचे हात काळे झाले होते, पण चेहरा खुलला होता. मग मारोतराव चार वेळा त्यांच्या घरी आले. कणीक किती घट्ट मळायची, दांडा किती जोरानं फिरवायचा, दुकानात नमुना कसा न्यायचा, सगळं सांगितलं. मोबदला काही घेतला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "साचा तुमच्याकडेच राहू द्या. अडलं तर येजो."

कुसुमताई अडल्या की जात. खूपदा अडल्या, खूपदा गेल्या. हळूहळू त्यांच्या शेवयांचं नाव झालं, आणि सहा वर्षांत घरात विजेवर चालणारं मोठं यंत्र आलं. मला वाटलं, संपलं आपलं, आता मोडीत! पण ताई मला घेऊन इतवारीत गेल्या, भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे. तो ठोकणी सरसावून म्हणाला, "कोणाचं नाव घालू, बाई?"

"नाव नको. लिही, अडलं तर येजो."

तो वेड्यासारखा पाहतच राहिला. मग त्यानं माझ्या कमरेवर टकटक करून ती अक्षरं उमटवली. तेव्हापासून मी कोणाच्या मालकीचा राहिलो नाही. ज्या बाईला काही सुरू करायचं असेल तिच्या घरी मी जायचो, आणि माझ्या मागोमाग कुसुमताई जायच्या.

मित्रांनो, आता सुमतीची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझ्या आयुष्याला अर्थ नाही.

सन बहात्तरचा उन्हाळा होता. सुमतीचे यजमान अनंतराव गिरणीत होते, त्यांचं खातं बंद झालं. गावाकडून थोरल्या भावाचा निरोप आला, "इकडे या, शेतात हात लागतील." अनंतराव तयार होते. सुमती नव्हती. तिची तारा सातवीत गेली होती, आणि गावात शाळा चौथीपर्यंतच. गावी गेलं म्हणजे ताराची पाटी फुटली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काहीतरी हाताशी लागायला हवं होतं. म्हणून सुमती कुसुमताईंच्या दारात आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"बोल ना वं," ताई म्हणाल्या. "काय करून खायचं ठरवून राहिली?"

"शेवया," सुमती म्हणाली. "पण मले काहीच येत नाही, ताई."

"मले तरी कुठं येत होतं?" ताईंनी मला आणून तिच्यापुढे ठेवलं, उघडलं, भाग मांडले. "जोड."

सुमतीनंही उलटंच जोडलं. सगळ्याच उलटं जोडतात. मला त्याचा राग येत नाही.

मग शिकवणी सुरू झाली. काठीवर चुन्याची खूण कर, सगळ्या शेवया तेवढ्याच लांब राहू दे. मोडलेल्या विकू नको, त्यांची घरी खीर कर. लकडगंजात कृष्णकांतजींचं किराण्याचं मोठं दुकान होतं, तिथे नमुना न्यायचा ठरला. सुमतीला वाटलं ताई बोलतील. दुकानाशी आल्यावर ताई पायरीखालीच थांबल्या. "आत तू जा. बोलणं तुहं, शेवया तुह्या. मी इथं सावलीत उभी आहे."

सुमती गेली. तिनं नमुना पुढे ठेवला. शेवया चांगल्या होत्या. कृष्णकांतजींनी एक तोडून पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, "पंधरा दिवसांनी दहा किलो आणा. लग्नसराई आहे. वेळेवर आणल्या तर दर आठवड्याला घेईन. उशीर झाला तर मला दुसरे पुष्कळ आहेत."

त्या दिवशी सुमतीनं मला धुतलं, पुसलं आणि तेल लावलं. 'रोज तेलाचं बोट फिरवजो,' असं ताईंनी सांगितलंच होतं. हिनं बोट नाही, पळीभर ओतलं! मळसूत्राला, जाळीला, दांड्याच्या खोबणीत, लेकराला माखावं तसं माखलं. आणि मला फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या खोलीत कोनाड्यात ठेवलं. गहू आणून, ओलवून, दळून सपीठ चाळेपर्यंत सहा-सात दिवस गेले.

मित्रांनो, ते तेल जवसाचं होतं. सुमतीच्या घरी फोडणीला जवसाचंच तेल असे. भाजीला ते गोड लागतं, पण लोखंड-पितळेला लावून ठेवलं की सुकतं आणि त्याचा डिंक होतो. त्यात नागपूरचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा. माझं सगळं अंग आतून चिकटून बसलं. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला? साच्याला तोंड असतं ते फक्त कणकेसाठी.

पीठ मळून झालं. सुमतीनं मला बाकाला आवळलं आणि दांड्याला हात घातला. दांडा हलला नाही. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. अनंतरावांनी जोर लावला. मग ते हातोडी घेऊन आले.

"नको!" सुमती ओरडली. "दुसऱ्याची वस्तू आहे."

"मंग जाऊन सांग त्यायले, बिघडला म्हणून."

"कोणत्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. तिला वाटलं, आपणच साचा मोडला. फुकट दिलेली वस्तू, जीव ओतून शिकवणारी बाई, आणि आपण तिचं हे केलं. तिनं मला पोत्याखाली झाकून ठेवलं. मळलेल्या पिठाच्या पोळ्या झाल्या. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. अनंतरावांनी भावाला कार्ड लिहिलं, 'आम्ही येतो.' सुमतीनं पेटी काढून तिच्यात ताराची पुस्तकं घातली. माझ्या कमरेवर अक्षरं होती, अडलं तर येजो. पोत्याखाली पडून ती कोण वाचणार? त्या तीन दिवसांत मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी पुढे कधीच वाटली नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी दारात छत्री मिटल्याचा आवाज आला. कुसुमताई होत्या.

"काहून आली नाही वं तू?"

सुमतीनं त्यांच्यापुढे पाट सरकवला.

"अडल्याशिवाय कोणाचंच काम होत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत तर दहादा अडते माणूस. तू एकदाही आली नाही, तेव्हाच समजली मी, ही जास्तच अडली असन. साचा कुठं आहे?"

सुमतीनं पोतं ओढलं. ताईंनी मला हातात घेतलं, दांडा हलवून पाहिला, जाळीपाशी नाक नेलं आणि कपाळावर हात मारला.

"जवस! घरी तेल कोणतं वापरता तुम्ही?"

"जवसाचं."

"आमच्याकडे फल्लीचं, भुईमुगाचं. मी नुसतं तेल म्हणाली, कोणतं ते सांगितलंच नाही. चूक माही आहे, बाई. रडू नको. पाणी तापव आणि धुण्याचा सोडा आण."

सुमती पाहतच राहिली. बिघाड आपल्या हातून झाला आणि चूक ताई स्वतःच्या माथी घेतात! पण माझं काम मात्र ताईंनी केलं नाही. त्या पाटावर मांडी घालून बसल्या, पंख्यानं वारा घेत राहिल्या, आणि सुमतीनं मला सोडून, सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून, नारळाच्या शेंडीनं घासून काढलं. जाळीचं एकेक भोक सुईनं मोकळं केलं. ऊन कललं तेव्हा तिनं सगळे भाग जोडले. सुलटे, पहिल्याच खेपेला. दांडा फिरला आणि मी असा काही खणखणलो की अनंतराव अंगणातून आत आले.

पुढचे चार दिवस दांडा त्यांनीच फिरवला. गिरणीतल्या माणसाचा हात, एकसारखा चालायचा. दहा किलो शेवया ठरल्या दिवशी कृष्णकांतजींच्या दुकानात पोचल्या. भावाला लिहिलेलं कार्ड टपालात टाकायचं राहूनच गेलं आणि ताराची पुस्तकं पेटीतून बाहेर आली. जूनमध्ये ती शाळेत गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर सुमती मला परत करायला आली, सोबत खिरीचं पातेलं घेऊन. "ताई, तुमचं काय देऊ मी?"

"खीर तर दिली ना," ताई म्हणाल्या. "आणि अडली की येत जा, तेवढंच दे."

त्यानंतर मी अकरा घरं फिरलो. कुठे दांडा पडला, कुठे उंदरांनी मुठीचं लाकूड कुरतडलं, भाजणीचं तर सांगितलंच. पण प्रत्येक घरी जाताना ताई बजावून सांगायच्या, "फल्लीचं तेल! जवसाचं नाही!"

मग दिवस पालटले. घरोघरी स्टीलची भांडी आली, पितळ मोडीत गेलं. दुकानात पुड्यांतल्या शेवया आल्या. ताईंचे यजमान गेले, मुलगा नोकरीला भिलाईला गेला. ताईंनी मोठं यंत्र विकलं आणि लोकांना सांगितलं, "पुरे झालं आता, कंटाळा आला." मी माळ्यावर गेलो. कोणी येईना, कोणी मागेना. ताईंना आपला कंटाळा आला, हे मला फार लागलं. रुसलोच मी.

एकदा त्यांनी मला खाली काढलं. तेल लावायला बाटली घेतली आणि वास घेऊन पाहिला. ती ठेवली, दुसरी घेतली, पुन्हा वास. बाटल्यांचे रंग निरनिराळे होते, मित्रांनो! मग त्यांचं बोट माझ्या कमरेवरच्या अक्षरांवरून चाचपत फिरलं. तेव्हा माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला. कंटाळा नव्हताच. ताईंना दिसत नव्हतं, आणि त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला कळलं तर तो भिलाईला नेईल, आणि महाल सोडून त्यांना जायचं नव्हतं.

ब्याऐंशी सालची संक्रांत झाली असेल. सुमती तिळगूळ घेऊन आली. तारा शाळेत शिक्षिका झाली, हे सांगायला आली होती.

"कोण वं?" ताई म्हणाल्या. सुमती त्यांच्यापासून दोन हातांवर, उजेडात उभी होती.

सुमतीनं तिळगुळाचा डबा खाली ठेवला. "ताई, किती दिवस झाले?"

"कायचे?"

"डोळ्यांचे."

ताई हसल्या, मग हसू ओसरलं. "होते वं म्हातारपणी. तुले कायले त्रास? तुहा धंदा, तुहं घर."

कोपऱ्यात मी होतो. सुमतीनं मला उचललं, "माय वं" न म्हणता. ताईंच्या मांडीवर ठेवलं, त्यांचं बोट धरलं आणि माझ्या कमरेवरच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं.

"वाचा. आणि मंग सांगा, काहून नाही आल्या तुम्ही?"

ताईंचं बोट अक्षरांवरून हळूहळू पुढे गेलं. शेवटच्या अक्षराशी ते थांबलं. सगळ्यांना अडलं तर येजो म्हणणारी ती बाई तेव्हा माझ्यावर डोकं टेकून रडली. मी पितळ आहे, पण तेव्हा मलाही भरून आलं.

मोतीबिंदू होता. सुमतीनं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रियेच्या वेळी अनंतराव बाहेर बसून राहिले. जाड भिंगांचा चष्मा लागला. घरी आल्यावर ताईंनी आधी मला जवळ ओढलं, अक्षरं निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "किती वाकडं कोरलं होतं वं मेल्यानं! इतकी वर्षं दिसलंच नाही मले."

चैत्रात मी पुन्हा एका घरी गेलो. ताई आणि सुमती दोघी माझ्या मागोमाग आल्या.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कोणी पडलेलं असेल. त्याला मोडीत घालायच्या आधी एकदा खाली काढा, पुसा, कोणाच्या उपयोगी पडतं का पाहा. तुम्हाला नवं काही सुरू करायचं असेल तर ज्याला येतं त्याच्या दारी जा. लाजू नका, झाकून ठेवू नका. आणि ज्यानं तुम्हाला शिकवलं त्याच्या दारीही अधूनमधून जात जा, कारण तो स्वतः येणार नाही.

माझं म्हणाल तर मी इथेच आहे. अडलं तर येजो. येताना तेल मात्र फल्लीचं आणा.