सतरा नंबरचं दार

मी एक जुना लाकडी पॅड आहे, मित्रांनो. कागद धरून ठेवणं, एवढंच मला येतं. माझा चिमटा आता गंजला आहे आणि एका कोपऱ्याचा भुसा सुटतो.

सार्वजनिक आरोग्याची पदवी घेणाऱ्या एका मुलीने मला दुसऱ्या वर्षी विकत घेतलं. तिची मावशी तिला चिडवायची, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग शिकतेस तरी काय गं?"

"लोक आजारीच पडू नयेत, ते."

"म्हणजे काम चोख झालं तर कुणाला दिसायचंसुद्धा नाही. बरं शोधून काढलंस!"

ती हसली. खोलीवर आल्यावर मात्र मला मांडीवर घेऊन माझा चिमटा उघडत-मिटत राहिली.

त्या वर्षी एका गल्लीत जुलाबाची साथ आली. विद्यार्थ्यांनी घरोघर चौकशी करायची होती. दार उघडलं नाही, तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं आणि मगच 'घर बंद' लिहायचं, असा नियम होता. सतरा नंबरचं दार तिने एकदाच वाजवलं. ऊन फार होतं. पायरीवरच उभं राहून तिने माझ्यावरच्या कागदावर तीन तारखा आणि 'घर बंद' लिहिलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वा! एकही रकाना रिकामा नाही." खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही.

आठवड्याने ती पाणी उकळून पिण्याची पत्रकं वाटायला गेली. या वेळी ते दार उघडलं. आत एकटेच राहणारे आजोबा भिंत धरून उभे होते. डोळे खोल गेले होते.

"मागेही तूच आली होतीस ना, बाळा? आलो, आलो म्हणेपर्यंत गेलीससुद्धा. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो गं."

तिने त्यांना साखर-मिठाचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. मग तो कागद घेऊन ती बाईंकडे गेली.

"या तारखा खोट्या आहेत."

"गुण जातील तुझे."

"जाऊ देत. माणूस जात होता, बाई."

आजोबा वाचले. त्यानंतर प्रत्येक दारासमोर ती माझ्यावर बोट टेकवत मनात शंभर आकडे मोजायची. ते माझे सर्वांत चांगले दिवस.

पदवी घेऊन ती गेली, मला कॉलेजातच ठेवून. आता माहिती मोबाइलवर भरतात. मी कॉलेजच्या कपाटावर पडून आहे. खोलीत कुणी येतं, हवं ते घेतं, दिवा मालवतं.

मित्रांनो, कुणाचं दार वाजवलंत तर लगेच वळू नका. आत कुणीतरी भिंत धरून निघालेलं असेल.