धरलेला श्वास

एक्स-रे विभागात शिकायला आले, तेव्हा मॅडमनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली. छातीचा फोटो काढताना पेशंटला नुसतं "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणायचं नाही. फोटो निघाला की "सोडा" हेही म्हणायचं. मला वैताग यायचा. माणूस काय श्वास सोडायला आमच्या परवानगीची वाट बघतो?

बुधवारी दुपारी मॅडम जेवायला गेल्या होत्या. पेशंट संपले म्हणून मी मशीन पुसत होते. वळले, तर स्टँडला छाती टेकवून, माझ्याकडे पाठ करून एक आजोबा उभे. हनुवटी वर, हात कमरेवर, अगदी आम्ही उभं करतो तसे. कधी आत आले कोण जाणे.

"आजोबा, नंबर पुकारला का तुमचा?"

पाठ फुगलेली होती आणि जराही हलत नव्हती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सोडा."

त्यांनी श्वास सोडला. तो संपता संपेना. टेबलावरचे कागद उडाले, दाराचा पडदा हलला, आणि मग स्टँडपाशी कोणीच नव्हतं.

मॅडम आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"मानेवर भाजल्याचा डाग होता?"

"हो."

"माझ्या पहिल्या वर्षातले ते. फोटो सुरेख आला म्हणून मी तो दाखवायला बाहेर पळाले, 'सोडा' सांगायचं राहूनच गेलं." त्यांनी स्टँडकडे पाहिलं. "तेव्हापासून रोज सांगतेय गं. माझं ऐकतच नव्हते."