तीन ठोके

ऑर्का, म्हणजे सीलची शिकार करणारे काळे-पांढरे देवमासे, दिसले नाहीत तर पर्यटक तोंड वाकडं करून उतरतात, म्हणून कप्तानानं एक शक्कल काढली होती. भर समुद्रात इंजिन बंद करायचं, लोखंडी दांड्यानं बोटीच्या तळावर तीन ठोके द्यायचे आणि मासळीची बादली पाण्यात उपडी करायची. मग ऑर्का हमखास यायचे. बोटीवर माइकवरून माहिती सांगणाऱ्या त्याच्या वहिनीला हे थेर मुळीच आवडत नसत.

"भावजी, जंगली जनावराला असली सवय लावू नये."

"वहिनी, तुम्ही फक्त माइक सांभाळा."

आज बादली धक्क्यावरच विसरली होती. "मग आज ठोकायचंच नाही," म्हणत कप्तानानं इंजिन बंद केलं. वहिनीचं लक्ष मात्र पलीकडच्या खडकावर होतं. तिथले सील एकमेकांना चिकटून बसले होते आणि एकही पाण्यात उतरत नव्हता.

न बोलावताच ऑर्का आले. काळेभोर उंच पर पाणी कापत बोटीभोवती फिरू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे पर एकदम पाण्याखाली गेले.

"गेले का हो?" कुणीतरी विचारलं. वहिनीनं सांगायला माइक तोंडाशी नेला आणि तिच्या तळपायांना खालून हादरा बसला. मग दुसरा. मग तिसरा.

तिनं वळून पाहिलं. दांडा खुंटीला लटकलेला होता आणि कप्तानाचे दोन्ही हात रिकामे होते.

"भावजी," ती पुटपुटली, "ते मागतायत. आता काय देणार?"

माइक चालूच होता.